वर्ड आधी आपल्या हाताला बसवा, मग स्पीडचं बोला

टायपिंगचा स्पीड वाढवायला पोरं क्लास लावतात, ३० ची झाली की ४० ची परीक्षा देतात, सगळं करतात, पण ज्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये दिवसभर बसायचं तो मात्र जसा इन्स्टॉल झाला तसाच! मी नागपुरात सिव्हिल लाइन्सकडे कोर्टाचे कागद टाइप करतो अन् माझं तर साफ मत आहे की वेळ बोटांत जात नाही, माउसमध्ये जातो.

सगळ्यात डोकं फिरवणारं प्रकरण म्हणजे मराठीचा फॉन्ट. स्टाइलमध्ये (म्हणजे फॉन्ट-साइझचा ठरवून ठेवलेला साचा) जाऊन साइझ १४ केली, ओके केलं, अन् इंग्रजी शब्द तेवढे मोठे झाले, मराठी आपली जिथल्या तिथं. लोक मग दर पॅरा सिलेक्ट करून साइझ देत बसतात, बर्डीवरच्या एका दुकानात मी एका पोराला अख्खा थीसिस असा करताना पाहिलं, म्हटलं काहून करून राहिला बाप्पा असं. यात भानगड अशी आहे की वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट धरतो, अन् तिचा फॉन्ट, साइझ, बोल्ड हे सगळं इंग्रजीपेक्षा वेगळं सांभाळतो. म्हणून नॉर्मल स्टाइलवर राइट क्लिक, मॉडिफाय, खाली फॉरमॅट, त्यात फॉन्ट, आणि तिथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा जो वेगळा रकाना आहे त्यात मराठीचा फॉन्ट अन् साइझ टाकायची. रकानाच दिसत नसेल तर फाइल मेन्यूतल्या ऑप्शन्समधल्या लँग्वेजमध्ये मराठी ॲड करा, वर्ड बंद करून परत उघडा. शेवटी मॉडिफायच्याच खिडकीत 'न्यू डॉक्युमेंट्स बेस्ड ऑन धिस टेम्प्लेट' वर टिक करायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी नवीन फाइल उघडली तरी सेटिंग जागेवर. हेडिंगच्या स्टाइललाही हेच करा, मग कंट्रोल-ऑल्ट-१ दाबलं की मथळा तयार, माउसला हात लावायचं काम नाही.

दुसरं ऑटोकरेक्ट, म्हणजे छोटं काही लिहिलं की वर्ड त्याजागी ठरवलेला मजकूर आपोआप टाकतो ती सोय. शपथपत्रात तेच ते वाक्य, तोच तो मजकूर, माणूस किती वेळा टाइप करेल? मी 'मुउनाखं' लिहून स्पेस मारतो, 'मुंबई उच्च न्यायालय, नागपूर खंडपीठ' उमटतं. शॉर्टकट मात्र असा निवडा जो खरा शब्द नसेल, नाहीतर भलत्याच जागी खंडपीठ बसतं. आणि ही यादी भाषेगणिक वेगळी असते, इंग्रजीखाली सेव्ह केलेलं मराठीत चालत नाही, त्यामुळं कीबोर्ड मराठीवर ठेवूनच एंट्री टाकायची. साध्या मजकुराची मर्यादा २५५ अक्षरांची, मोठा परिच्छेद असला तर तो सिलेक्ट करून ऑल्ट-एफ३ दाबा, क्विक पार्ट्समध्ये, म्हणजे साठवलेल्या मजकुराच्या कप्प्यात जातो.

वरची ती बारीक पट्टी, क्विक ॲक्सेस टूलबार, २००७ पासून आहे तरी लोक तिच्यात सेव्ह अन् अनडू सोडून काही ठेवत नाहीत. पहिल्या नऊ बटणांना ऑल्ट-१ ते ऑल्ट-९ आपोआप मिळतात राजेहो! रोजची बटणं तिथं आणून ठेवा.

पेस्टचंही एकदा उरकून टाका. वकील मंडळी व्हॉट्सॲपवरून, पीडीएफमधून मजकूर पाठवतात, अन् त्यासोबत कुठला रंग, कुठला फॉन्ट येईल सांगता येत नाही. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, कट-कॉपी-पेस्ट, तिथं बाहेरच्या प्रोग्रामसाठी 'कीप टेक्स्ट ओन्ली' करून ठेवलं की विषय संपला. पीडीएफमुळं तुटलेल्या ओळी असतील तर फाइंड-रिप्लेसमध्ये ^p (पॅरा संपल्याची खूण) शोधून स्पेस टाकायची, पण फक्त तेवढा पॅरा सिलेक्ट करून, नाहीतर अख्खी फाइल एका पॅऱ्यात.

बाकी ऑप्शन्समधल्या सेव्हमध्ये ऑटोरिकव्हर (काम आपोआप सांभाळून ठेवायची सोय) १० मिनिटांवर असतं ते २ वर आणा, मे महिन्यात लाइन कधी जाईल काय भरोसा.

हे सगळं झालं की Normal.dotm नावाच्या फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर काढून ठेवा, स्टाइल्स त्यातच असतात. पीसी फॉरमॅट करणारा माणूस ती ठेवत नाही, त्याला सांगावं लागतं. वर्ड बंद करायचा, रनमध्ये %ॲपडेटा% (इंग्रजी अक्षरांत हो) टाकायचं, मायक्रोसॉफ्ट, मग टेम्प्लेट्स, तिथं सापडते. ऑटोकरेक्टची साधी यादी वेगळ्या फाइलमध्ये असते, तिचा एक्स्टेन्शन एसीएल, तीही सोबत घ्या.