कांद्याचा अर्क: रश्श्याचा वास मिळाला, पण पातळ केल्यावर

कांदा जराही न परतता त्यातून मांसाच्या रश्श्याचा वास काढायचा, हे लचांड मागच्या नोंदीपासून चालूच होतं. काल गाठ सुटली. आटवलेला अर्क नाकाजवळ धरवत नव्हता: जळका रबर, वर घामाची झाक. तरी चव बघायला त्यातला चमचाभर पेलाभर गरम पाण्यात घातला आणि वाफेबरोबर चक्क रस्सा वर आला! घरच्यांना पेला न दाखवता हुंगायला दिला, तर "हाडांचं सूप का?" असं विचारलं. कान तृप्त झाले.

संशय अर्थात आपल्या एमएमपीवरच आहे (कांद्यातलं वासाचं गंधकयुक्त संयुग, ३-मर्कॅप्टो-२-मिथाइलपेंटॅन-१-ऑल; २००० सालच्या शोधनिबंधातला). अत्यल्प असेल तर रस्सा, जास्त झाला तर रबर आणि घाम. म्हणजे तो तयार होतच होता, मीच त्याचा ढीग घालून हुंगत होतो.

तो बनतो कसा, ते परत मांडतो, कारण सगळा खेळ चिरण्या-किसण्याच्या वेळीच ठरतो. पेशी फुटल्या की अलिइनेज हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि डोळ्यांना झोंबणारा प्रोपेनथायल एस-ऑक्साइड तयार होतो. तो मोडून प्रोपेनाल, दोन प्रोपेनाल जुळून २-मिथाइल-२-पेंटेनाल, त्याला हायड्रोजन सल्फाइड चिकटतं आणि शेवटी त्या आल्डिहाइडचं अल्कोहोल होतं, तोच एमएमपी. एवढ्या पायऱ्यांना वेळ लागतो. अख्खा कांदा उकळला तर पेशी फुटायच्या आधीच विकर मरतं; उरतो तो नुसता गोडसर वास. किसून, झाकून अर्धा तास ठेवलेल्या कांद्याला मात्र खरा फरक पडतो. तुलनेसाठी एका वाटीत लिंबू पिळलं होतं. डोळे कमी झोंबले, पण रस्साही गायब! आम्लाने अलिइनेज मंदावतं, दुसरं काय.

लसणावर हेच चालेल का? नाही. त्यात मुख्यतः अलिइन नावाचं संयुग असतं, त्यातून लसणाच्या वासाचं ॲलिसिन होतं. तो रस्ताच वेगळा.

अवजारांचं म्हणाल तर धारदार सुरी इथे गैरसोयीची. ती पेशी कमी चिरडते. किसणीच बरी. मिक्सरमध्ये कडवटपणा येतो, शिवाय झाकणाची रबरी रिंग वास सोडत नाही. "वास धरत नाही" म्हणून विकत घेतलेली नवी रिंगही तितकीच बेइमान निघाली.

कोबीवरच्या प्रयोगांची मालिका तूर्तास बंद. जास्त शिजला की डायमिथाइल ट्रायसल्फाइड हे उग्र वासाचं गंधकी संयुग घरभर पसरतं आणि मग कांद्याची नाक-चाचणी करायची कशी?

पुढचा बेत अर्क आणखी आटवून साठवायचा होता. पण हे लिहिताना लक्षात आलं, पातळच हवाय तर आटवायचा कशाला? उघड्या भांड्यात निम्मा वास वाफेबरोबर जातोच. तेव्हा आटवणं रद्द: किसायचा, थांबायचं, भरपूर पाणी घालून झाकणाखाली मंद आचेवर ठेवायचं, गाळायचं.

आणि आणखी एक: कांदा गोठवला तर? बर्फाचे स्फटिक पेशी फोडतातच, मग वितळताना विकराला आयताच वेळ मिळेल, किसणीही नको. चकत्या आत्ताच फ्रीझरमध्ये टाकल्यात. कुणी लीकवर (कांद्याच्या कुळातली भाजी) हे करून बघितलं असेल तर किती वेळ थांबलात ते जरूर सांगा.