जुन्या स्पोर्ट्स कारला फायबरचे रुंद आर्च बसवताना

रुंद टायरसाठी मागचे आर्च (चाकावरच्या पत्र्याच्या कमानी) कापायचे असतील तर ग्राइंडर हातात घेण्याआधी स्प्रिंग काढा. जॅकने चाक वर उचलून बंप स्टॉपला (चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकवा आणि मगच पत्र्यावर खूण करा. नुसत्या उभ्या गाडीवर माप घेतलं तर पहिल्याच खड्ड्यात टायर घासतो.

मागे पत्रे दोन असतात, बाहेरचा आणि आतला, कडेला स्पॉट वेल्डने जोडलेले. कड कापली की दोन्ही सुटे. आतल्या पत्र्याला साधारण दर 25 मिमीवर काप देऊन त्या पट्ट्या बाहेरच्या पत्र्याकडे वळवा, वेल्ड करा, मग इपॉक्सी प्रायमर आणि सीम सीलर (सांधे बुजवणारा लेप). हे टाळून वरून फायबर चिकटवणारे बरेच आहेत! फटीत चिखल साचतो आणि गंज बाहेर दिसेपर्यंत पत्रा खलास झालेला असतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी सोडवा, आणि पेट्रोल भरायचा पाइप कुठून जातो तेही बघा.

नव्या फायबरवर साच्याचं मेण असतं. आधी डीग्रीझरने (तेल-मेण काढणाऱ्या द्रावणाने) पुसा, मग 80 नंबरच्या पेपरने घासा. उलटं केलंत तर मेण ओरखड्यांत बसतं आणि प्रायमर सोलून निघतो.

जोडावर पुट्टी भरून सलग फिनिश द्यायचा मोह आवरा. पत्रा आणि फायबर उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, शिवाय चालताना बॉडी पिळते, त्यामुळे जोडरेषेवर चीर येतेच. त्यापेक्षा साधारण दर 100 मिमीवर एम5 रिव्हनट (पत्र्याच्या भोकात पक्का बसणारा, आटे असलेला नट) आणि पत्रा-फायबरच्या मधे रबर बीडिंग. बोल्ट बेताने आवळा, नाहीतर भोकाभोवती जेलकोट (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) तडकतो.