काकू म्हणाल्या, "सूर चढा आहे"

कॅसेट माझ्याकडे आली ती लाडवांच्या प्लास्टिकच्या डब्यातून. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली, खोली रिकामी करताना माळ्यावरच्या ट्रंकेत ती सापडली. नव्वद मिनिटांची कॅसेट, लेबलवर निळ्या शाईत फक्त 'रंगभवन'. घेऊन आलेल्या काकू साठी ओलांडलेल्या, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा मोठा भाऊ कॉलेजात असताना एका रॉक बँडमध्ये गायचा. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

याच कार्यक्रमाची एक कॅसेट त्यांच्या घरी पूर्वीपासून होती, कॉपीची कॉपी. "त्यात दादा चिमणीसारखा वाटतो," काकू म्हणाल्या. "आईने एकदा ऐकली आणि म्हणाली, बंद कर. तो असा नव्हता गं गात. मग आम्ही ती कधी लावलीच नाही." सापडलेली कॅसेट मूळची असावी, असं त्यांना वाटत होतं. मलाही उघडून बघितल्यावर तसंच वाटलं.

जुन्या टेपवरचा आवाज उतरवून तो ऐकण्यासारखा करणं हे माझं काम. ठाण्यात छोटा स्टुडिओ आहे. येतात त्या टेप बहुतेक भजनांच्या, नाट्यगीतांच्या, मुंजीत आजोबांनी केलेल्या भाषणांच्या. रंगभवनातला रॉक पहिल्यांदाच आला होता आणि मी अक्षरशः हरखले. धोबी तलावाजवळचं, झेवियर्स कॉलेजाच्या शेजारचं हे उघड्यावरचं नाट्यगृह. 1978 साली जाझ यात्रा हा जाझ संगीताचा महोत्सव तिथे सुरू झाला, 1980 साली 'द पोलीस' हा ब्रिटिश रॉक बँड तिथे वाजवून गेला, 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' या रॉक महोत्सवासाठी पोरं तिथे रांगा लावायची. पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालयांभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला, आणि आजूबाजूला रुग्णालयं असलेल्या रंगभवनातला मोठा आवाज थांबला. रुग्णांची बाजू मला पूर्ण मान्य आहे, तरी एवढ्या मोठ्या शहराने त्या तोडीची दुसरी जागा उभी केली नाही याचं दुःख मला आहे. त्या काळातल्या लहान बँडांची रेकॉर्डिंगं आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ऐकायला मिळतात.

पहिले दोन दिवस नुसते हाताच्या कामात गेले. कॅसेटचं कवच स्क्रूचं नव्हतं, चिकटवलेलं होतं. आत, टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडच्या समोर, टेपला दाबून धरणारा फेल्टचा इवलासा पॅड असतो, तो गळून पडला होता. रिळाच्या कडेला बुरशीचे पांढरे ठिपके होते. मुंबईच्या दमटपणात माळ्यावर तीस-पस्तीस पावसाळे काढलेल्या टेपला ते चुकत नाहीत. ब्लेडने कवच सांध्यावर उघडलं, तोंडाला मास्क लावून टेप मऊ कापडातून हळूहळू फिरवून पुसली आणि पाच स्क्रूंच्या नव्या कवचात भरली. ही टेप पावणेचार मिलिमीटर रुंद आणि प्लास्टिकच्या पिशवीपेक्षाही पातळ. एक सुरकुती पडली तर तेवढा शब्द गेला म्हणून समजा.

मग अ‍ॅझिमथ, म्हणजे डेकचं (कॅसेट वाजवणाऱ्या मशीनचं) हेड टेपला नेमकं काटकोनात आहे की नाही ते. ज्या मशीनवर रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड थोडं तिरकं असेल, तर आपल्या डेकचं हेडही तेवढंच तिरकं करावं लागतं. हेडच्या बाजूला छोटा स्क्रू असतो. डावी-उजवी बाजू एकत्र करून ऐकायची आणि तो स्क्रू केसभर फिरवत राहायचं. झांजांची किनार एकदम उघडते, तिथे थांबायचं. लोक मला विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर वापरतेस? माझा अनुभव असा, की जुन्या कॅसेटचा आवाज निम्म्याहून जास्त सुधारतो तो या स्क्रूवर. इथे जे टेपवरून उचललं गेलं नाही, ते पुढे कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही, फार तर अंदाजाने रंगवून देतं.

आणि काय उघडलं! रेकॉर्डिंग थेट मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक आणि वाद्यं एकत्र करणाऱ्या साउंडवाल्याच्या यंत्रातून, निघालेलं होतं. साउंडवाल्याने मिक्सरची टेपची वायर कुणाच्या तरी हातातल्या छोट्या रेकॉर्डरला जोडून दिली असणार. अशा रेकॉर्डिंगचा तोल नेहमी विचित्र असतो. गिटारचे अँप स्टेजवरच इतके दणदणीत असतात, की मिक्सरमधून त्यांना फारसं वाढवावंच लागत नाही. म्हणून टेपवर गिटार दूर कुठेतरी, ड्रम अर्धवट आणि गायक मात्र अगदी कानाशी. रॉक ऐकणाऱ्याला हा दोष वाटेल. काकूंच्या दृष्टीने यासारखं दान नव्हतं. प्रत्येक श्वास ऐकू येत होता.

फक्त तो श्वास चिमणीचा होता. कॉपीवर नव्हे, मूळ टेपवरच आवाज वर गेलेला होता, आणि गाण्यागणिक आणखी वर चढत होता. कारण ओळखीचं आहे. रेकॉर्डर बॅटरीवर चालू होता. सेल उतरत गेले तशी मोटर मंदावली. टेपचा ठरलेला वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर, त्यापेक्षा हळू सरकणाऱ्या टेपवर भरलेला आवाज आज योग्य वेगाने वाजवला की घाईत आणि चढा ऐकू येतो.

हे सरळ करायला मोजपट्टी लागते, आणि ती टेपवरच होती. मिक्सरला विजेचा 'घूं' आवाज लागलेला होता. भारतातली वीज पन्नास हर्ट्झची, सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणजे ही घरघर पन्नासवर आणि तिच्या पटीत शंभरवर, दीडशेवर हवी. माझ्या पडद्यावर ती पहिल्या गाण्यात 52.4 वर होती आणि बाजू संपताना 55.6 वर. एरवी मी ही घरघर सगळ्यात आधी काढून टाकते. यावेळी तिला हात लावला नाही. तिची रेघ मिनिटामिनिटाला मोजून घेतली, सबंध रेकॉर्डिंगचा वेग असा बदलत नेला की रेघ सपाट पन्नासवर यावी, आणि मगच ती पुसली. ऐकलं तर चिमणी गेली होती, बावीस-तेवीस वर्षांचा तरुण गात होता. शुक्रवारी रात्री काकूंना फोन केला, उद्या या म्हटलं.

शनिवारी सकाळी त्या आल्या. मी एक संथ गाणं लावलं. त्या डोळे मिटून बसल्या. गाणं संपलं तरी बोलेनात. मग म्हणाल्या, "दादाच आहे. पण सूर चढा आहे."

मी त्यांना पडदा दाखवला, सपाट रेघ दाखवली, पन्नासचा आकडा दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "तुझं गणित बरोबर असेल गं. पण मी रोज पेटी घेऊन त्याच्याबरोबर बसायचे. हा अजून घाईत आहे. फार नाही, अर्धी-पाऊण श्रुती असेल."

सबंध पट्टीचा, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांएवढा, फरक असता तर मी लगेच ऐकलं असतं. अर्धी-पाऊण श्रुती म्हणजे पट्टीचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढा फरक एका जुन्या आठवणीच्या जोरावर सांगता येतो, यावर माझा विश्वास बसेना, आणि तरी त्यांच्या आवाजातला ठामपणा मला सोडेना. त्यांना चहा दिला आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना वर बोलावलं. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. माझ्या स्टुडिओचं अर्थिंग त्यांनीच उभं राहून करून घेतलं आहे.

काकांनी विचारलं, "कार्यक्रम कधीचा?" काकूंनी सांगितलं, दादा नोकरीला लागायच्या आधी, 1987-88 असेल. "किती वाजता?" संध्याकाळी. काका म्हणाले, "मग पन्नास कुठून असणार? तेव्हा मागणीला वीज पुरायची नाही. घरोघरी दिवे लागले की फ्रीक्वेन्सी खाली बसायची. एकोणपन्नास, कधी त्याच्याही खाली. विजेवरची घड्याळं त्यामुळेच मागे पडायची." आज हीच फ्रीक्वेन्सी 49.90 ते 50.05 च्या पट्ट्यात धरून ठेवतात. मी तोच आजचा आकडा ऐंशीच्या दशकातल्या एका संध्याकाळवर लावून मोकळी झाले होते.

पण काकांचं म्हणणंही झालं अंदाजच. एकोणपन्नास की साडेएकोणपन्नास? विजेवर अवलंबून नसलेलं काहीतरी टेपवर शोधायला हवं होतं. गिटार कामाची नाही, ती कानाने लावतात. सगळा बँड एकत्र खाली किंवा वर लागलेला असू शकतो. शोधता शोधता तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला कीबोर्डचे चार स्वर एकटे सापडले. घंटेची किणकिण मिसळलेला तो इलेक्ट्रिक पियानो ऐंशीच्या दशकातलं संगीत ऐकलेल्या कुणालाही ओळखू येईल: यामाहाचा डीएक्स-सेव्हन, 1983 साली बाजारात आलेला. हे वाद्य डिजिटल आहे. त्याचा सूर आतल्या क्वार्ट्झ स्फटिकावर ठरतो. बाहेरची वीज एकोणपन्नास असो की एक्कावन्न, त्याचा 'ए' हा स्वर 440 हर्ट्झलाच वाजतो. कुणी मुद्दाम बटणाने हलवला असेल तरच बदलतो.

बँडचा बेस गिटार वाजवणारा आता म्हापशाला असतो. काकूंनी तिथूनच फोन लावला. दोघं बहुधा खूप दिवसांनी बोलत होते, मी जरा बाहेर जाऊन उभी राहिले. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. ते म्हणाले, कीबोर्ड भाड्याने आणलेला होता, त्याच्या बटणांना हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. "आम्ही सगळे त्याच्यावर सूर लावायचे. तोच आमचा तानपुरा."

मी ते चार स्वर कापून मोजले. 'ए' आला 449 वर.

440 ला 449 शी ताडून पाहिलं की पन्नासचे बरोबर एकोणपन्नास होतात. त्या संध्याकाळी रंगभवनात वीज एकोणपन्नास हर्ट्झची होती आणि माझं काम दोन टक्के घाईत होतं. सुरात सांगायचं तर पस्तीस सेंट (एका पट्टीचे शंभर सेंट), पट्टीच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. काकूंनी पेटीच्या आठवणीवर सांगितलेली अर्धी-पाऊण श्रुती. मी त्यांना आकडा सांगितला तेव्हा त्यांना काही विशेष वाटलं नाही. "तेच तर म्हणत होते मी," एवढंच बोलल्या.

पंचेचाळीस मिनिटांची बाजू त्या दुरुस्तीने जवळजवळ एक मिनिटाने लांबली.

बाकीची सफाई मी अगदी हात राखून केली आहे. एकत्र मिसळलेला आवाज वेगवेगळ्या वाद्यांत फोडायची तंत्रं आता चांगलीच पुढे गेली आहेत. बीटल्सच्या हॉलिवूड बोल या उघड्यावरच्या नाट्यगृहातल्या 1964-65 च्या कार्यक्रमांत किंचाळ्यांखाली दबलेला बँड 2016 साली अशाच तंत्राने वर काढला गेला, आणि ते काम मी पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. पण तिथे मुळात तीन ट्रॅकची व्यावसायिक टेप होती. कॅसेटवर तेच जोर लावून केलं तर झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या वाजतात. मी गिटार फक्त तीन डेसिबलने पुढे आणली, टेपची सळसळ थोडी राहू दिली. दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी टेप चुरगळलेली आहे आणि ओळीचे दीड सेकंद गेले आहेत. काकूंच्या भाच्याने सुचवलं, की मामाच्या आवाजात तेवढे शब्द संगणकाकडून म्हणवून घेता येतील. येतील, आणि कुणाला कळणारही नाही. मी नाही म्हटलं. तिथे तो काय गायला हे आम्हा कुणालाच माहीत नाही, आणि त्याने न गायलेला शब्द त्याच्या तोंडी घालायचा अधिकार माझा नाही. ती जागा मी रिकामी ठेवली आहे.

संध्याकाळ होत आली होती. एकोणपन्नासची दुरुस्ती करून मी काकूंना पुन्हा तेच संथ गाणं लावून दिलं. त्याच्या आधी दहा-बारा सेकंद नुसती गडबड आहे: गिटारची एक तार, प्रेक्षकांत दूरवर कुणाची तरी शिट्टी, आणि माइकवरून साउंडवाल्याला मराठीत, "अरे, मला माझाच आवाज येत नाहीये, मॉनिटर वाढव ना जरा." कच्च्या टेपवर हे वाक्य इतकं चिवचिवत होतं, की मी ते नीट ऐकलंही नव्हतं.

काकूंनी हात वर केला. मी थांबवलं.

"हे परत लाव. गाणं नको, हे बोलणं."

मी लावलं. त्यांनी आणखी एकदा मागितलं. मग माझ्याकडे न बघता, स्पीकरकडेच बघत म्हणाल्या, "अगं, हा तर बाबांचा आवाज आहे. बाबा असंच बोलायचे, शेवटचा शब्द असा खाली सोडून. दादाचा आवाज बाबांवर गेला होता आणि आम्हाला कुणाला कळलंच नाही."

त्यांनी पर्समधून फोन काढला, आधी आपल्या धाकट्या काकांना लावला आणि मग तो स्पीकरजवळ धरून मला म्हणाल्या, "हं, लाव."