शिकागो: आधी चौक, मग संग्रहालय

शिकागोला चित्रं-शिल्पं बघायला जायचं म्हटलं की जो तो आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयाचं नाव घेतो. ते बघायचंच आहे. पण पहिल्याच सकाळी तिथे शिरू नका. लांबच्या विमानप्रवासाने डोकं जड झालेलं असताना चित्रांपुढे तासन्‌तास उभं राहणं ही शिक्षा आहे, आणि बाहेरगावच्या माणसाला ती ३० डॉलरच्या वर पैसे मोजून घ्यावी लागते. माझी भाची शिकागोत शिकते, तिने मला आधी ‘लूप’मध्ये हिंडवलं. लूप म्हणजे शहराचा मधला, उंच इमारतींचा भाग. पिकासो, मिरो, काल्डर, शागाल या विसाव्या शतकातल्या बड्या कलाकारांची कामं इथे उघड्यावर, फुकट, आणि एकमेकांपासून फार तर दहा मिनिटांच्या चालीवर. पायात बूट तेवढे चांगले हवेत.

सुरुवात डेली प्लाझातल्या पिकासोपासून करा. अनावरण १५ ऑगस्ट १९६७, उंची ५० फूट, वजन १६२ टन. मागच्या न्यायालयाच्या इमारतीला जे गंजट तपकिरी पोलाद आहे, तेच शिल्पालाही वापरलंय, त्यामुळे दोन्ही एकाच खाणीतून निघाल्यासारखी वाटतात. पिकासोला एक लाख डॉलर देऊ केले होते. ते नाकारून त्याने हे काम शहराला भेट दिलं, पण ते पाहायला मात्र तो कधी आला नाही. हे नक्की काय आहे, बाई की कुत्रा की माकड, यावर शिकागोकर अजून भांडतात. भाची म्हणाली, “मावशी, एका बाजूने बघितलं तर बाई, दुसऱ्या बाजूने कुत्रा. तू ठरव.” मी बाई ठरवली. मुलं या वादात पडत नाहीत. ती तळाच्या उतारावरून घसरगुंडी खेळतात आणि त्यांना कुणी हटकत नाही. या शिल्पावरचा स्वामित्वहक्कही न्यायालयाने १९७० मध्ये रद्द ठरवलाय, तेव्हा फोटो बिनधास्त काढा.

रस्ता ओलांडला की दोन इमारतींच्या फटीत मिरोची बाई उभी आहे, १९८१ची. पिकासोच्या समोर बिचारीकडे फारसं कुणी बघत नाही.

मला लूपमध्ये सगळ्यात जास्त आवडलं ते काल्डरचं ‘फ्लमिंगो’. फेडरल प्लाझात, ५३ फूट, लालभडक, १९७४. फोटोत ते नुसतं वाकवलेलं लोखंड दिसतं. प्रत्यक्षात त्याच्याभोवती वास्तुकार मीस व्हॅन डर रोहच्या काळ्या पोलादी, काटकोनी इमारती आहेत आणि मधे ही लाल कमान. आसपास कुठेही वक्र रेषा नाही, म्हणून तिचं वळण एवढं उठून दिसतं. हेच शिल्प बागेत ठेवलं असतं तर निम्मं मेलं असतं. लांबून बघून निघून जाऊ नका, कमानीखाली उभे राहून वर बघा. जवळच शागालचं ‘फोर सीझन्स’ आहे, रंगीत तुकड्यांच्या मोझेकने मढवलेला ७० फूट लांब ठोकळा, तोही १९७४चा. शागालने शहर त्याच्या तीस वर्षं आधी पाहिलं होतं. काम शिकागोत पोचल्यावर त्याने त्यातल्या इमारती नव्या शहराप्रमाणे बदलून घेतल्या. मोझेकच्या चारही बाजूंनी फिरा.

जुन्या याद्यांत थॉम्प्सन सेंटरसमोरचं द्युबुफेचं पांढरं शिल्प दिसेल. ते तिथून हलवलंय, उगाच पायपीट करू नका.

मिलेनियम पार्कमधल्या ‘क्लाउड गेट’बद्दल, म्हणजे अनिश कपूरच्या घेवड्याच्या दाण्यासारख्या, आरशागत चकचकीत शिल्पाबद्दल थोडक्यात. कपूर मुंबईत जन्मलेला, त्यामुळे आपल्याकडचे लोक तिथे जरा छाती काढून उभे राहतात. मीही राहिले. पोलादाचे १६८ पत्रे जोडलेत आणि सांधा शोधून सापडत नाही. पण दहानंतर तिथे गर्दी एवढी होते की आरशात फक्त फोन दिसतात. सकाळी लवकर जा आणि पोटाखाली जा, खरी गंमत तिथे आहे. शेजारच्या क्राउन फाउंटनमधल्या पडद्यावरच्या माणसांच्या तोंडातून पाणी पडतं, पण ते उन्हाळ्याच्या दिवसांतच. थंडीत नुसते चेहरे बघायला मिळतात.

दमलात तर शिकागो कल्चरल सेंटरमध्ये शिरा. १८९७ची ही इमारत मूळची सार्वजनिक वाचनालयाची. प्रवेश फुकट, बसायला जागा, स्वच्छतागृहं, आणि वर ३८ फूट व्यासाचा टिफनीचा काचेचा घुमट. शिवाय बदलती प्रदर्शनंही असतात.

आता आर्ट इन्स्टिट्यूट. मंगळवार-बुधवार बंद असतं, गुरुवारी रात्री आठपर्यंत उघडं. वेळा बदलतात, निघण्यापूर्वी संकेतस्थळ बघा. मिशिगन अव्हेन्यूवरच्या सिंहांपाशी रांग असेल तर मन्‌रो रस्त्यावरच्या मॉडर्न विंगच्या दाराने जा. सॅक मोठी असेल तर सामानघरात द्यावी लागते.

मराठी माणसाने सिंहांच्या दारानेच आत जावं असं मात्र मला वाटतं. ११ सप्टेंबर १८९३ला विवेकानंद जिथे बोलले ती इमारत हीच, तेव्हा ती नवीकोरी होती. मुंबईचा चित्रकार जितीश कल्लाट याने २०१० साली त्याच तारखेला ते अख्खं भाषण इथल्या मोठ्या जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या दर्शनी बाजूवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं. रंग निवडले ते अमेरिकी सरकारच्या दहशतवाद-इशाऱ्याच्या पट्टीतले. धर्मांधतेविरुद्धचे शब्द आणि ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतरच्या भीतीचे रंग एकाच पायरीवर. ती मांडणी कायमची नव्हती, पण जिना चढताना हे डोक्यात असू द्या. बाहेर रस्त्यावर ‘स्वामी विवेकानंद वे’ अशी तपकिरी पाटीही आहे.

आत सगळं बघायचा हट्ट धरू नका. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं ‘ला ग्रांद जात्त’ मात्र सोडू नका: साधारण दोन बाय तीन मीटर, १८८४ ते ८६ मध्ये ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेलं. आधी लांबून, मग नाक लावल्यासारखं जवळून (पहारेकरी ओरडणार नाही इतपतच!), मग पुन्हा लांबून. कडेची ठिपक्यांची चौकट सराने नंतर जोडली, तीही बघा. १९५८ मध्ये हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात उसनं गेलं होतं आणि तिथे आग लागली. चित्र वाचलं, पण त्यानंतर ते घराबाहेर पडलेलं नाही, तेव्हा बघायचं तर इथेच. हॉपरचं ‘नाइटहॉक्स’ आणि ग्रँट वुडचं ‘अमेरिकन गॉथिक’ तुम्हाला गर्दीच दाखवेल. ‘गॉथिक’ला १९३०च्या स्पर्धेत ३०० डॉलर मिळाले होते, पहिलं बक्षीसही नव्हे.

तळघरातल्या थॉर्न मिनिएचर रूम्सकडे बरेच जण वळतच नाहीत. एका फुटाला एक इंच या प्रमाणातल्या ६८ खोल्या, खिडकीबाहेरच्या उजेडासकट. सोबत कंटाळलेली मुलं असतील तर त्यांना आधी इथे आणा.

वेगळी अर्धी दुपार पिल्सन या मेक्सिकन वस्तीसाठी काढा. शहरातल्या लोकलच्या पिंक लाइनने ‘एटीन्थ’ स्टेशनवर उतरायचं. स्टेशनच भित्तिचित्रांनी रंगलेलं आहे. सोळाव्या रस्त्याला रेल्वेच्या बांधाच्या भिंतीवर चित्रांमागून चित्रं आहेत, काही ताजी, काही पावसाने खाल्लेली. जवळच नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट आहे, प्रवेश कायम फुकट, सोमवारी बंद. शरद ऋतूत जमलं तर तेव्हाच जा, कारण दरवर्षी त्या सुमाराला मृतांच्या सणाचं प्रदर्शन भरतं.