मोगऱ्याच्या चार मुठी

परवा भस्म बुधवार होता, आमच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. सकाळची मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, करून तसाच स्टेशनवर आलो, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन. रोजचा डबा, रोजची माणसं. आमच्या ग्रुपमधला एक मित्र राखेकडे बघून म्हणाला, "तुमच्यात एक बरं आहे रे. वर्षभर काय वाट्टेल ते करा, शनिवारी फादरच्या कानात सांगा, रविवारी पाटी कोरी!"

सगळे हसले, मीही हसलो. सकाळच्या विरार लोकलमध्ये हात हलवायला जागा नसते, तिथं धर्मशास्त्र कुठं मांडणार? "तसं नसतं, तुला आमच्या मोगऱ्याची गोष्ट सांगतो," म्हणून सुरुवात केली, तर अर्ध्यात अंधेरी आलं आणि तो उतरला. उरलेली इथं लिहितोय.

साल 1977. मी अकरा वर्षांचा. वसईत आमची वाडी होती: केळी, पानवेली, थोडी भाजी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मोगरा. मोगरा उमलायच्या आत खुडावा लागतो. पहाटे अंधारात उठायचं, कंदील बांधावर ठेवायचा आणि बोटांनी चाचपत टपोऱ्या कळ्या काढायच्या. हिरवट राहिलेली कळी उद्यासाठी सोडायची. मग ओलं फडकं, केळीचं पान, आणि माल पहिल्या गाड्यांनी दादरच्या फूलबाजारात. आम्हा पोरांना टोपलीच्या वजनावर पैसे मिळत. फार नाहीत, पण बर्फाच्या गोळ्यापुरते मिळायचे.

बांधापलीकडे एका विधवा काकीची वाडी होती. बांधाला लागूनच तिची मोगऱ्याची सहा झाडं. ती खुडायला दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायची, त्यामुळे ही सहा झाडं तिच्या वाट्याला शेवटी येत. माझ्या ते लक्षात आलं होतं. चार पहाटे मी बांध ओलांडला आणि रोज एक मूठ कळ्या माझ्या टोपलीत टाकल्या. चारच मुठी. पण अंधारात कळी तुटल्याचा तो बारीक टचकन आवाज मला अजून आठवतो. आपल्या झाडाची तोडताना तो कधी ऐकू यायचा नाही.

आजीला आम्ही बय म्हणायचो. लाल लुगडं, हातात रोझरीची माळ, अक्षरओळख नाही. पण बायबलातल्या दहा आज्ञा तिला तोंडपाठ आणि आमच्याकडून ती त्या रोज संध्याकाळी म्हणून घेई. देवळाची सांजघंटा झाली की दिवा लावून सगळे गुडघ्यावर. माळेला एकोणसाठ मणी असतात: त्रेपन्न 'नमो मरिया' प्रार्थनेचे, सहा 'स्वर्गातल्या बापा'चे. झोपेनं पेंगणाऱ्या पोराला ते पाचशे वाटतात. माळ संपली की आज्ञा. आमच्या कॅथलिक गणतीत सातवी चोरीची. बहुतेक प्रोटेस्टंट लोकांत तीच आठवी, कारण मूर्तीबद्दलची आज्ञा ते वेगळी मोजतात आणि लोभाच्या दोन आज्ञांची एक करतात. त्या आठवड्यात सातवीला माझा आवाज बसला. बयने वर बघितलं, पण बोलली काही नाही.

शनिवारी संध्याकाळी पापनिवेदन, म्हणजे फादरांपाशी पापं कबूल करणं, असायचं. बय जुन्या बायकांसारखं त्याला कुमसार म्हणे. लाकडी खोपटं, मधे जाळी, पलीकडे फादरांचा नुसता कान दिसतो. मी यादी म्हणावी तशी पापं म्हणत गेलो: खोटं बोललो, भावाला मारलं, प्रार्थनेत हसलो. मग एका दमात मोगरा.

फादर थांबले. "किती?"

"चार मुठी."

"कोणाच्या ते मला सांगू नकोस. परत केल्यास?"

"फुलं सुकली, फादर."

"तुझ्या झाडांना येतायत ना नवी?"

पापक्षमा मिळाली, प्रायश्चित्त म्हणून पाच नमो मरिया मिळाल्या. आणि वर हेही, की चार मुठी परत गेल्या पाहिजेत.

मित्राला जे सांगायचं होतं ते हे. सातव्या आज्ञेचं पाप क्षमा झालं म्हणजे घेतलेली वस्तू आपली होत नाही. क्षमा देवाकडून मिळते, वस्तू मात्र माणसाचीच राहते. ती परत करायची, नाहीतर तेवढ्या किमतीचं काही द्यायचं. मालक मेला असेल तर वारसांना द्यायचं, कोणीच सापडत नसेल तर गोरगरिबांना. आणि परत करायची तयारीच नसेल तर पश्चात्ताप झाला असं म्हणायचं कशावरून? बायबलच्या शुभवर्तमानात येशू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी उतरतो, तेव्हा जक्कय म्हणतो, कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करीन. आमच्या फादरांना त्या दिवशी जक्कय आठवला नाही हे माझं नशीब, नाहीतर सोळा मुठी झाल्या असत्या.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. फादर हे कोणालाही सांगू शकत नाहीत, आईबापांनाही नाही. धर्मगुरूने पापनिवेदनातली गोष्ट फोडली तर तो आपोआप बहिष्कृत होतो, इतका कडक नियम आहे. त्यामुळे बयला कळलं ते फादरांकडून नाही. माझी टोपली हलकी भरायला लागली, तिच्यावरून तिला कळलं.

"कळ्या जातात कुठं?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. सोमवारी एक मूठ काकीच्या टोपलीत टाकली होती, ती टोपली काकी विहिरीच्या कठड्यावर ठेवायची. मंगळवारी धीर झाला नाही, कुत्रं भुंकलं. बय हसली नाही. म्हणाली, "गोन्सालो गार्सिया कुठला?"

"वसईचा."

"आपल्या वसईचा पोरगा परक्या देशात क्रुसावर गेला, आणि तुला कुत्र्याचं भ्या वाटतं?"

तो संत वसईत जन्मला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानात नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. 1862 मध्ये पोपनी त्याला संत घोषित केलं. बयला सनावळी माहीत नव्हती. तिच्या बोलण्यात तो दोन वाड्या पलीकडचा, नुकताच मोठा झालेला पोरगा असायचा.

गुरुवारपर्यंत तीन मुठी झाल्या. शुक्रवारी पहाटे चौथी मूठ घेऊन कठड्याशी गेलो आणि काकीने मागून मनगट धरलं. "चोर! चोर!" तिचा आवाज तीन वाड्यांत गेला असेल. माझी मूठ उघडली, कळ्या खाली सांडल्या, आणि मी परत द्यायला आलोय हे सांगायला तोंडातून शब्द निघेना. चोरी केली तेव्हा कोणाला दिसलो नाही, परत द्यायला गेलो तेव्हा पकडलो गेलो!

बाबा धावत आले. सांडलेल्या कळ्या बघितल्या आणि एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "पोराला सोड आधी. ती झाडं आमच्याच जागेत आहेत. त्याने घेतली तर चोरी कसली?"

मला क्षणभर फार बरं वाटलं. म्हणजे पाप झालंच नव्हतं! काकीने माझं मनगट सोडलं. ती बाबांशी एक शब्द बोलली नाही, खाली बसून मातीतल्या कळ्या वेचायला लागली.

बय मागे उभी होती. हलक्या आवाजात म्हणाली, "दगड कोणी सरकवला तेही सांग की रे पोराला."

बाबा वळले आणि घरात गेले.

मला मग तुटक तुटक कळत गेलं. काकीचा नवरा वारला त्या पावसाळ्यात बांध खचला होता. तो नीट करताना हद्दीचा दगड दोन हात पलीकडे गेला. भांडण झालं नाही, कारण काकीच्या बाजूने भांडणारं कोणी नव्हतं. बायबलमध्ये 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात शेजाऱ्याची मेर, म्हणजे हद्द, सरकवू नये अशी सरळ आज्ञा आहे. अडीच हजार मैलांवरच्या जुन्या शेतकऱ्यांनाही हाच मोह होत असणार, त्याशिवाय लिहून ठेवलं नसतं.

आणि मला आणखी एका गोष्टीचा उलगडा झाला. आमच्या देवळात तेव्हा पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला बसत. मी बाबांशेजारी बसायचो. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायला रांग लागली की बाबा गुडघे आखडून सगळ्यांना वाट द्यायचे आणि स्वतः बाकावर बसून राहायचे. मला वाटायचं त्यांचे पाय दुखतात. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन आणि निदान पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) काळात ख्रिस्तशरीर, एवढं तरी प्रत्येक कॅथलिकावर बंधन आहे. बाबा ते दोन वर्षं टाळत होते. एका अर्थी ते प्रामाणिक होते. दगड तसाच ठेवून जाळीपाशी जाण्यात अर्थ नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. तुझी कोरी पाटी, मित्रा, इतक्या स्वस्तात मिळत असती तर ते दोन वर्षं बाकावर कशाला बसले असते?

तो उपवासकाळ घरात अवघड गेला. कोणी कोणावर ओरडलं नाही, त्यामुळे जास्तच. उपवासाचंही एक सांगायला हवं. आमच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासळी चालते. कोकणकिनाऱ्यावर हा नियम म्हणजे गंमतच, पापलेट खाऊन उपवास! बयला ती पळवाट मान्य नव्हती. शुक्रवारी ती सुका जवळासुद्धा चुलीजवळ येऊ देत नसे आणि मासळीचे वाचलेले पैसे गरिबांच्या डब्यात टाकी. कमी जेवायच्या उपवासाची सक्ती एकोणसाठाव्या वर्षापर्यंतच असते. बय सत्तरीच्या पुढे होती, पण तिला हे सांगायची कोणाची छाती नव्हती. त्या वर्षी तिने एक केलं: बाबांच्या ताटातही काही वाढलं नाही, भात आणि आमटी सोडून. रोज. बाबांनी विचारलं नाही.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आधीचा गुरुवार असावा. बाबा पहार घेऊन बांधावर गेले, मला कंदील धरायला नेलं. कुंपणाशी काकीला हाक मारली. ती आली आणि हातभर अंतर ठेवून उभी राहिली. बाबांनी तिला विचारलं, "दगड आधी कुठं होता ते तू दाखव." तिने पायाचा अंगठा टेकवून जागा दाखवली. बाबांनी दोरीने मोजलं नाही, तिच्या अंगठ्यावर पहार टेकवली आणि खणायला लागले. दगड जड होता, एकट्याला उचलेना. शेवटी काकीनेच एका बाजूने हात लावला.

सहा झाडं तिकडे गेली. दोन वर्षं बळकावलेल्या जमिनीचं काय, हे बाबांनी विचारलं असेल तर माझ्यासमोर नाही. पण त्या उन्हाळ्यात आमच्या खताच्या गाडीतल्या बऱ्याच पाट्या बांधापलीकडे रिकाम्या होताना मी पाहिल्या.

शनिवारी पापनिवेदनाच्या रांगेत बाबा माझ्यापुढे होते. आत गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. मी दगडी फरशीवरच्या भेगा मोजत उभा राहिलो. बाहेर आले तेव्हा मी वर बघितलं नाही. त्यांचे पाय तेवढे दिसले, टाचांच्या भेगांत लाल माती होती.

दुसऱ्या दिवशी, हातात झावळीचा क्रूस घेऊन आम्ही बाकावर बसलो होतो. रांग लागली. मी गुडघे आखडले, बाबांना उठायला वाट हवी होती म्हणून.