राखेच्या पावत्या

कारखान्याच्या उत्सर्जनाच्या तक्त्यात कोळशाच्या ओळीत शून्य लिहिलेलं होतं, तेच तपासायला गेलो होतो. कारखाना पीथमपूरच्या बाजूचा, इंदूरहून गाडीने तासाभराच्या आत पोचतो. तिथे पॉलिस्टर-स्पॅन्डेक्सचं निटेड कापड रंगवतात आणि ते एका स्पोर्ट्सवेअर ब्रँडच्या टाइट्स-टीशर्टसाठी जातं. 2021 मध्ये सगळी उष्णता कोळशाची होती. यंदा सगळी ‘व्हाइट कोल’ची, म्हणजे सोयाबीनचा भुसा आणि कपाशीच्या काड्या दाबून केलेल्या ब्रिकेटची. पिकाने हवेतूनच घेतलेला कार्बन जळून परत हवेत जातो, म्हणून तो वेगळ्या रकान्यात दाखवतात. स्कोप 1 मध्ये, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनात, उरतो थोडासा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. थोडक्यात, घट जवळजवळ 100%.

ब्रँडला असा आकडा फार प्रिय. त्याची स्वतःची ऑफिसं-दुकानं हिशेबात चिल्लरच असतात. प्यूमाने 2011 मध्ये आपल्या पर्यावरणीय भाराची किंमत काढली, तेव्हा 14.5 कोटी युरोंपैकी 94% भार पुरवठादारांच्या साखळीत निघाला होता. संयुक्त राष्ट्रांच्या फॅशन चार्टरमध्ये तर 2030 पर्यंत पुरवठादारांकडचा कोळसा बंद करायचं ठरलंय. रंगाई पुरवठा साखळीच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे शिवणाऱ्यांना कापड देणाऱ्यांत, मोडते, आणि खरा धूर तिथेच असतो.

आधी बॉयलरचा ताळा घेतला. जुलैत ब्रिकेट 360 टन, स्टीम मीटरवर सुमारे 1,620 टन वाफ. किलोला साडेचार किलो वाफ पडते, हे पटण्यासारखं. बॉयलरचा हिशेब चोख होता. मग मागच्या अंगणात वीटभट्टीवाल्याचा डंपर राख भरत होता, तिकडे गेलो. राखेत गुठळ्या होत्या, पण त्यावरून काही ठरत नाही. पिकांच्या काड्यांत पोटॅश असतं, ते वितळून ब्रिकेटच्या राखेतही काचेसारखी गुठळी धरतं. एक ढेकूळ लोखंडी सळईने फोडलं. आत विटेसारखा लाल, पापुद्र्यांचा दगड निघाला. हा भाजलेला शेल. आपल्याकडच्या कोळशात तो हमखास असतो, भुशात कुठून येणार?

राखेच्या पावत्या मागवल्या. जुलैची एकूण 100 टन. राख पाणी मारून भरतात, त्यामुळे 15 टन पाण्याचे वजा केले. उरले 85. ब्रिकेटची राख 8% धरली तर 29 टन. बाकीच्या 56 टनांना कोळशाच्या 35% राखेने भागलं की 160 टन कोळसा येतो. सहसा कोळशावरून राख काढतात, इथे उलटं चालावं लागलं. अर्धवट जळलेला कार्बन राखेत राहतो, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होणारच.

मॅनेजरसाहेब इंदूरचेच. ते म्हणाले, “अहो, तो थर्मोपॅकचा असेल. त्याची खरेदी दुसऱ्या फर्मच्या नावावर होते, ती या शीटमध्ये कशी येणार?” थर्मोपॅक म्हणजे तेल तापवणारी वेगळी भट्टी. लपवाछपवी म्हणावी तर फाइल त्यांनीच आणून दिली. जुलैची खरेदी 158 टन.

तासाला दहा लाख किलोकॅलरीचा थर्मोपॅक, त्याच्या गरम तेलावर दोन स्टेंटर, म्हणजे कापड ताणून गरम हवेत त्याचं माप पक्कं करणारी (हीट-सेट) यंत्रं. त्यातही ब्रिकेट घालून पाहिल्या होत्या. भट्टीवाला मिस्त्री गोणीतून एक काढून दाखवत म्हणाला, “भिया, बारिश में ये फूल जाती है।” हातात दाबली तर भुगा झाला. ब्रिकेटमध्ये चिकटवायला काही घालत नाहीत, दाबाने आणि उष्णतेने भुशातलं लिग्निनच तिला धरून ठेवतं. ओल शिरली की संपलं. भुगा जाळीतून खाली पडतो किंवा न जळता धुरासोबत उडतो, आणि पाणी उडवण्यात भट्टीची उष्णता खर्च होते.

बॉयलर हे निभावून नेतो. वाफेचा दाब जरा पडला तर जेटला, म्हणजे रंगाईच्या यंत्राला, 130 अंशांवर पोचायला दहा मिनिटं जास्त लागतात, इतकंच. स्टेंटरमध्ये कापड अर्धा-पाऊण मिनिटच असतं. तेल 270 वरून 240 वर आलं की चेंबर 190 ऐवजी 175 वर अडकतो, हीट-सेट कच्चा राहतो. कडा वळतात, जीएसएम (चौरस मीटरमागचं वजन) हलतो, धुतल्यावर कापड आटतं आणि लॉट परत येतो. मिस्त्रीने कोळसा टाकला तो यासाठी. त्याच्या जागी दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं.

कोळसा किलोला 4,000 किलोकॅलरीचा. शीटमधला तयार गुणक चांगल्या कोळशाचा, टनाला 2.4 टन कार्बन डायऑक्साइड देणारा. तो तसाच लावला असता तर उलट्या बाजूची चूक झाली असती. प्रयोगशाळेच्या अहवालावरून 1.6 येतो. 158 टनांचे झाले 253 टन. 2021 मध्ये दोन्ही भट्ट्या मिळून महिन्याला साधारण 800 टन होते, म्हणजे जुलैची खरी घट 68%. मला विचाराल तर हीसुद्धा मोठीच. पण 100% वाचल्यावर 68 कुणाला नापासच वाटतो.

सुधारणेत दोन गोष्टी लिहिल्या. ब्रिकेटसाठी जोत्यावरची बंद शेड, आणि 10% हून जास्त ओल असलेली गाडी गेटवरूनच परत. थर्मोपॅकसाठी पाइपच्या गॅसचा बर्नर हा पक्का उपाय, कारण तेवढ्याच उष्णतेला उत्सर्जन कोळशापेक्षा सुमारे 40% कमी आणि तेलाचं तापमान हलत नाही. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, “गॅसचा फरक कापडाच्या भावात किलोमागे मिळेल का?” तो प्रश्न जसाच्या तसा ब्रँडकडे पाठवला. उत्तरात सुधारणा पूर्ण करण्याची तारीख आली.