फॉरमॅट मारू की नवीनच घेऊ?

महिन्यातून चार-पाच जण तरी मला हे विचारतात. कुणी इमारतीच्या जिन्यात थांबवून, कुणी दादरच्या भाजी बाजारात हातात पिशवी घेऊन: "कॉम्प्युटर चालू व्हायला दहा मिनिटं घेतो हो. फॉरमॅट मारू की नवीनच घेऊ?" फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून सांगतो. आज यातलं काहीच करू नका. आधी घड्याळ घेऊन मशीनसमोर बसा.

बटण दाबल्यापासून विंडोजचे गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंत किती वेळ गेला? तिथून पासवर्ड विचारेपर्यंत किती? आणि पासवर्ड टाकल्यावर एखादी फाइल खरोखर उघडेपर्यंत किती? हे तीन आकडे कागदावर लिहा. मला फोनवर एवढे जरी सांगितलेत, तरी कुठे बघायचं ते कळतं.

पहिल्याच टप्प्यात वेळ जात असेल तर फॉरमॅटचा काही उपयोग नाही, कारण विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं. मागे खोचलेला पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, प्रिंटर, सगळं काढा आणि पुन्हा चालू करा. दर वेळी तारीख जुनीच दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, नाण्यासारखा सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. तीन-चारदा बंद-चालू केल्यावरच उठत असेल तर रॅम, म्हणजे चालू कामाच्या मेमरीची पट्टी, काढून तिच्या कडेचे पिवळे पट्टे खोडरबराने हलकेच पुसा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ते पट्टे फार लवकर खराब होतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतंच असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर त्याचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. त्यामुळे आत काही अडकलेलं असलं तर ते दिवसेंदिवस तसंच राहतं. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून आधी एकदा रीस्टार्ट करून बघा.

आता खरं दुखणं. पासवर्ड टाकल्यावर मशीन गुदमरत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, म्हणजे आत काय काय चाललंय त्याची यादी. त्यात डिस्कचा रकाना पाच-सात मिनिटं १०० टक्क्यांवर अडकलेला आणि सीपीयू, म्हणजे मशीनचा मेंदू, निवांत, असं चित्र मी जुन्या मशीनवर इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी तिकडेच बघतो.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे, डेस्कटॉपमध्ये ७२००. ५४०० च्या तबकडीला एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारा हात जागेवर सरकायचा वेळ वेगळा. म्हणजे सेकंदाला फार तर शंभरेक ठिकाणी पोचता येतं, आणि विंडोज उठताना हजारो ठिकाणचे तुकडे मागतं. वाण्याच्या दुकानात एकच पोऱ्या असावा आणि प्रत्येक वस्तूसाठी त्याने शिडी लावून पोटमाळ्यावर चढावं, तसं हे चालतं. गिऱ्हाइकं वाढली की रांग दारापर्यंत. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी नवी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतं, शिडीच नाही. बाकी काही न बदलता फक्त ती बसवली की दहा मिनिटांचं काम अनेकदा मिनिटाच्या आत येतं. अडीच इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक सरळ बसते. लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, घेतलीत तर वॉरंटीचं बिल मागून घ्या.

पण डिस्क नुसती हळू आहे की मरायला टेकली आहे, हे आधी बघा. यासाठीच मी हे लिहायला बसलो. मरणारी डिस्क खराब झालेली जागा पुन्हा पुन्हा वाचत राहते आणि आपल्याला वाटतं, कॉम्प्युटर म्हातारा झाला. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशाच एका डिस्कवर चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची सोय, लावून जेवायला गेलो. परत आलो तोवर ती टकटक करत होती. त्या घरच्या बारशाचे फोटो तिच्याबरोबर गेले. तेव्हापासून क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडून रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) आणि पेंडिंग (नीट वाचता न येणाऱ्या) सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या जागांचे, आकडे बघितल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असला की आधी कॉपी, मग उपचार.

बाकीचं थोडक्यात. रॅम चार जीबी असेल तर आठ करा. अँटिव्हायरस दोन असतील तर एक काढा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतलं नको ते डिसेबल करा. विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळायची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे फार जुन्या मशीनवर बँकेचे व्यवहार करत असाल तर नवीन घ्यायचा विचार रास्त आहे. पण केवळ हळू चालतो म्हणून घेऊ नका.

गेल्या वर्षी लालबागच्या एका चाळीतून मावशींचा फोन आला. कॉम्प्युटर उठायला चौदा मिनिटं. दुकानात सांगितलं होतं, ठेवून जा, फॉरमॅट करून उद्या देतो. त्यांनी ठेवला नाही, कारण काकांनी केलेली भजनी मंडळाची रेकॉर्डिंग त्यात होती आणि काका आता नाहीत. पेंडिंग सेक्टर शेकड्यांत होते. मी म्हटलं, "मावशी, हा आता पुन्हा चालू करायचा नाही." डिस्क काढून घरी आणली, माझ्या मशीनला जोडली, आधी तेवढाच एक फोल्डर घेतला. रात्री अकराला सुरू केलेलं काम पहाटे पाचला संपलं. दोन रेकॉर्डिंग आली नाहीत. मावशींनी विचारलं, कुठली दोन? मी फाइलींची नावं वाचून दाखवली. दुसरं नाव ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "ते जाऊबाईंकडे कॅसेटवर आहे. कॅसेटवरनं करता येतं का हो?"

येतं. पुढच्या रविवारी कॅसेट घेऊन त्या आल्या.